अंतराळस्थानकावरचे व्याही

रविवारी दुपारी तीन वाजता मी संगणकासमोर बसतो. तोवर जेवणे उरकलेली असतात आणि पत्नीने पंख्याखाली अंग टाकलेले असते. मी कानांवर हेडफोन चढवतो. अंतराळस्थानकावर माणसांना कामावर लावणे हे माझे काम आहे.

हा खेळ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पडद्यावर छप्पर काढून पाहावे तसे एक स्थानक दिसते. खोल्या, बोळ, दारे. वीस-बावीस माणसे आपापल्या घरी बसून त्यात एकाच वेळी वावरतात आणि हेडफोनवर एकमेकांशी बोलतात. कोणी डॉक्टर असतो, कोणी यंत्रघर सांभाळतो, कोणी स्वयंपाक करतो, कोणी झाडू मारतो. प्रत्येक दार कार्डावर उघडते. कोणाच्या कार्डाने कोणते दार उघडावे, हे पर्सोनेल मॅनेजर ठरवतो. त्याला एक कचेरी असते, कचेरीला एक खिडकी असते आणि खिडकीबाहेर रांग असते. दर खेळात संगणक कोणा एकाला गुपचूप दगाबाज नेमतो. त्याने स्थानक बुडवायचे, बाकीच्यांनी वाचवायचे. कप्तान मेला तर पदभार पर्सोनेल मॅनेजरकडे येतो. मेलेला माणूस मेलेल्यांच्या वेगळ्या खोलीत जातो. तेथे मेलेले आपसांत बोलतात. जिवंतांना ते ऐकू येत नाही.

आमची कप्तान माझी मुलगी आहे. लग्नानंतर ती स्वीडनला गेली. तिचे कॉलेजातले सोबती निरनिराळ्या देशांत विखुरले आहेत; रविवारी ते सारे या स्थानकावर जमतात. जावई खेळत नाही. तो त्या वेळी सायकल चालवायला जातो.

खेळात मी कसा शिरलो, तेही सांगतो. मुलीचा फोन दर शनिवारी येई. माझ्या वाट्याला दोन वाक्ये येत. ‘बाबा, बरे आहात ना?’ आणि ‘औषधं घेता ना?’ दोन्हींना मी होकार देई. मग पत्नी फोन घेऊन स्वयंपाकघरात जाई, आणि तेथून बराच वेळ हसण्याचे आवाज येत. काय हसलात, असे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर ‘काही नाही, असंच’ हे उत्तर ठरलेले होते.

एका शनिवारी ती दोन वाक्यांवर तिसरे बोलली.

‘बाबा, आमच्याकडे पर्सोनेल मॅनेजरची जागा रिकामी आहे. कोणालाच नको असते. रांग, कटकट, वर शिव्या. तुम्ही कराल?’

‘नेमणुकीचे अधिकार माझ्याकडे राहतील?’

‘राहतील.’

‘मग करीन.’

कामाची ओळख मला करून द्यावी लागली नाही. मी परळच्या एका गिरणीत लेबर ऑफिसमध्ये उमेदवारी केली. गिरणी बंद पडल्यावर माझगावच्या एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर झालो आणि तेथूनच निवृत्त झालो. ती गिरणी होती तेथे आज काचेच्या इमारती आहेत. आमच्या लालबागच्या घराच्या खिडकीतून त्यांच्या पाठी दिसतात.

गिरणीत कायम कामगारांखेरीज बदली कामगार असत. ते रोज सकाळी खात्याच्या दाराशी येऊन उभे राहत. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता एक बदली आत घेतला जाई. कोणाला आधी घ्यायचे, हे त्याच्या दाराशी येण्यावर ठरे. काम मिळो न मिळो, जो नेमाने येऊन उभा राहतो त्याचा नंबर पहिला. हीच पद्धत मी स्थानकाला लावली. ज्याला संगणकाने काम दिले नाही त्याने खिडकीशी यावे. मागच्या रविवारी जे आले होते त्यांना आधी, नव्याला शेवटी. मुले सुरुवातीला कुरकुरली. पुढे त्यांना त्यात गंमत वाटू लागली.

‘साहेब, मी सलग येतोय. आज यंत्रघर माझं.’

‘तुम्ही गेल्या वेळी मधेच उठून गेलात.’

‘साहेब, आई आली होती खोलीत.’

‘आईची चिठ्ठी आणा.’

रांग हसली. मी विनोद केला नव्हता. पण हसली, हे मला आवडले.

खेळ संपला की सगळे जात. मी आणि कप्तान मागे थांबत असू. मी अहवाल देई. कोण कामचुकार, कोणाला पुढे यंत्रघर द्यावे, कोणावर लक्ष ठेवावे. ती ऐके आणि मग विचारी, ‘गिरणीत असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?’ मी सांगे. या घरात ती पंचवीस वर्षे वाढली, पण गिरणीविषयी तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. तो खेळानंतरचा वेळ माझा होता. त्यासाठी मी आठवडाभर थांबत असे. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

मग व्याही आले.

मुलीचे सासरे दादरला राहतात. बँकेत होते. पत्नी निवर्तल्यापासून एकटे आहेत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, आणि हीच अडचण आहे. लग्नात सीमांतपूजनाला मी मानाची शाल आणि नारळ घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो, तर त्यांनी शाल घेऊन माझ्याच खांद्यावर घातली. ‘व्याहीबुवा, मुलगी तुम्ही देताय. मान तुमचा,’ म्हणाले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलगीही होती. ती शाल कपाटात आहे. मी ती वापरलेली नाही.

मुलगी त्यांना अप्पा म्हणते आणि अरे-तुरे करते. मला ती अहो-जाहो करते. तसे मीच शिकवले होते.

पहिल्या रविवारी खिडकीबाहेर एक अनोळखी आकृती येऊन उभी राहिली.

‘कोण?’

‘मी हो, व्याहीबुवा. सूनबाईनं ओढलं. नोकरी आहे का एखादी?’

‘अनुभव?’

‘आयुष्यभर खिडकीमागं बसून लोकांना उद्या या म्हटलंय. आता बाहेरून बघू म्हटलं कसं वाटतं ते.’

रांग हसली. माझ्या वेळेपेक्षा मोठ्याने हसली.

‘नवीन आहात. शेवटी उभे राहा,’ मी म्हणालो.

‘राहतो की.’

ते खरोखरच उभे राहिले, आणि घोटाळा तेथे झाला. ज्यांना कार्ड मिळाले होते तेही कामावर जाईनात. व्याही त्यांना दादरच्या मासळीबाजारात एका कोळणीने आपल्याला कसे फसवले ते सांगत होते. पापलेट ताजे आहे का, असे यांनी विचारले. तर ती म्हणाली, ‘भाऊ, तुमच्यापेक्षा ताजाय.’ रुग्णालयात डॉक्टर नव्हता, यंत्रघरात इंजिनिअर नव्हता, सारे माझ्या खिडकीशी. कप्तानाचा आवाज आला.

‘अप्पा, तू रांगेत गोंधळ घालू नकोस.’

‘मी कुठं? तुझ्या बाबांनी उभं केलंय. शिस्त पाळतोय.’

ती हसली. ते हसणे मी ओळखले. शनिवारी स्वयंपाकघरातून ऐकू येई तेच.

व्याह्यांना स्वयंपाकघर मिळाले. त्या कामाकडे तोवर कोणी फिरकत नसे. व्याही भोंग्यावरून साऱ्या स्थानकाला पुकारू लागले, ‘आज कोलंबीची खिचडी. अंतराळातली कोलंबी आहे, वास येणार नाही, शाकाहाऱ्यांनीही यावं.’ लोक जाऊ लागले. माझ्या खिडकीतून स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ दिसतो. कप्तानाची आकृती त्या बोळातून जाताना आणि बराच वेळ परत न येताना मी पाहत असे.

खेळानंतर आता आम्ही तिघे थांबू लागलो. मी अहवाल सुरू करी. मधेच व्याही म्हणत, ‘ते असू दे हो, पोरं आहेत,’ आणि मुलीला विचारीत, ‘काल भाकरी जमली का गं?’ भाकरीची चर्चा होई. भाकरीविषयी मला बोलता येत नाही. काही रविवारांनंतर मी अहवाल आवरता घेऊन आधी निघू लागलो. कोणी थांबवले नाही.

मी त्यांना दर वेळी रांगेत शेवटी ठेवले. नियमाने पाहता आता त्यांचा नंबर वर यायला हवा होता, कारण ते एकही रविवार चुकवत नव्हते. मी नियमाला पोटनियम जोडला की स्वयंपाकघराची हजेरी वेगळी धरली जाईल. पत्नी एकदा मागे येऊन उभी राहिली.

‘व्याह्यांना किती वेळ ताटकळत ठेवणार?’

‘नियम आहे.’

‘लग्नाच्या पंगतीत असं ठेवलं असतंत तर मुलगी परत आली असती.’

‘हा खेळ आहे.’

‘मग खेळा की. तोंड बघा तुमचं. गिरणीत संप चालू असल्यासारखं.’ आणि जाता जाता, रागावली की येते तशी मालवणी तिच्या तोंडी आली. ‘तुमका काय्येक कळणा नाय.’

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. खेळ निम्म्यावर आला होता. व्याही रांगेत नव्हते. ते रांगेच्या बाजूने खिडकीशी आले.

‘व्याहीबुवा, एक कार्ड हवं होतं. थोड्या वेळापुरतं.’

‘कसले?’

‘कप्तानाच्या केबिनचं. सूनबाई मघापासून आत कामाला बसलीय. चहा नेऊन देतो.’

कप्तानाच्या केबिनचे दार दोनच कार्डांनी उघडते, तिच्या आणि माझ्या. तिसरे कार्ड कोणालाही देऊ नये, असा नियम मीच सांगत आलो होतो. नाही म्हणणे हे माझे कर्तव्य होते. मी गिरणीत युनियनच्या पुढाऱ्यांना नाही म्हटले आहे. मालकाच्या मेव्हण्याला नाही म्हटले आहे. पण मागे तिघे-चौघे उभे राहून ऐकत होते. मी नाही म्हटले तर ते का म्हटले, हे प्रत्येकाला कळेल, असे मला वाटले. शिवाय हे वरपक्षाचे माणूस. मुलीच्या बापाने वरपक्षाला चारचौघांत नाही म्हणू नये, ही आमच्या घरची रीत. माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी ती पाळताना मी पाहिले होते. वऱ्हाडातल्या एका मामाने वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ चांगले आहे म्हटले आणि वडिलांनी ते उतरवून दिले.

पत्नीने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

‘काय मागतायत व्याही?’

‘कप्तानाच्या खोलीचे कार्ड. चहा न्यायचा आहे म्हणतात.’

‘मग द्या. सुनेला चहा नेणारा सासरा कुठं मिळतो?’

मी कार्ड केले.

‘परत आणून द्या,’ मी म्हणालो.

‘शब्द.’

ते बोळातून गेले. पाहताना एक विचार मनात आला. ते दार माझ्या कार्डाने पहिल्या दिवसापासून उघडत होते. मी आत गेलो तो फक्त अहवाल घेऊन. चहा न्यावा, हे मला सुचले नव्हते. पत्नीने ठेवलेला कप तसाच राहिला.

थोड्या वेळाने व्याही परत आले आणि त्यांनी कार्ड खिडकीतून आत सरकवले. ‘घ्या. शब्द पाळला.’

त्यांच्या मागोमाग सुरक्षा प्रमुखाचा आवाज आला. ही मुलीची मैत्रीण, पुण्यात असते. ‘काका, कप्तान मेली. टेबलावर कप आहे. विष.’

मग व्याही म्हणाले, ‘कमाल आहे. मी तर साखर घातली होती.’

सारे स्थानक हसत सुटले. संगणकाने त्या दिवशी दगाबाज म्हणून त्यांना नेमले होते. त्यांनी लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. सुरक्षा प्रमुखाने त्यांना माझ्यासमोर आणून उभे केले. पदभार आता माझ्याकडे होता.

‘साहेब, काय करायचं यांचं?’

‘बाहेर काढा.’

बाहेर म्हणजे स्थानकाचे शेवटचे दार. त्यापलीकडे हवा नाही.

‘काका, कोठडीत ठेवू या ना? कोठडीतून बोलता तरी येईल त्यांना. मजा येते.’

‘नाही. बाहेर.’

‘व्याहीबुवा,’ व्याही म्हणाले, ‘सीमांतपूजनाला गळाभेट घेतली होती आपण. हे तुमच्या नियमात बसतं का?’

‘बसते.’

‘मग ठीक आहे. पोरांनो, खिचडी गॅसवर आहे, बघा.’

मी बटण दाबले. त्यांची आकृती दारातून बाहेर गेली, लहान होत गेली आणि पडद्याच्या कडेला नाहीशी झाली. मी कप्तानाच्या खुर्चीत जाऊन बसलो. कित्येक रविवारांनंतर मला स्वस्थ वाटले. ते फार वेळ टिकले नाही.

पडद्याच्या डाव्या बाजूला सर्वांची नावे असतात. जो बोलतो त्याच्या नावाभोवती हिरवे कडे उमटते. मेलेल्यांच्या खोलीतली नावे खाली वेगळी दिसतात. त्या खोलीत त्या वेळी दोनच नावे होती. मुलीच्या नावाभोवती हिरवे कडे उमटले आणि विझले. व्याह्यांच्या नावाभोवती उमटले आणि विझले. मग दोन्ही एकदम.

पत्नी खुर्चीमागेच होती. ‘दोघं एकदम काय बोलतायत?’

‘हसत असतील.’

‘तुम्हीच पाठवलंत ना त्यांना तिच्याकडे?’

यंत्रघरातून विचारणा आली, तिला उत्तर दिले. रुग्णालयाला औषधे हवी होती, ती मंजूर केली. स्थानक नीट चालले होते. कोणी कामचुकारपणा करीत नव्हते. आणि मी दर वेळी डाव्या बाजूला पाहत होतो.

काही वेळाने व्याह्यांच्या नावाचे कडे उमटेनासे झाले. फक्त मुलीचे नाव हिरवे राहिले. ते विझेना. ती काही तरी लांबलचक सांगत होती आणि ते ऐकत होते. इतका वेळ सलग ती माझ्याशी कधीच बोललेली नव्हती. त्या खोलीच्या नावावर बोट टेकवले की आत जाता येते. अडवणारे कोणी नसते. पण तेथे मेलेल्यांनीच जावे, असा नियम आहे, आणि मी जिवंत होतो.

मी सुरक्षा प्रमुखाला बोलावले.

‘पदभार घ्या.’

‘म्हणजे? काका, तुम्ही कुठं चाललात?’

‘बाहेर.’

‘बाहेर म्हणजे?’

‘बाहेर म्हणजे बाहेर. सर्व दारांचे अधिकार तुमच्या कार्डावर टाकले आहेत. तपासून घ्या.’

‘साहेब, स्टेशन वाचलंय. जिंकतोय आपण.’

‘जिंका,’ मी म्हणालो.

नोकरीच्या काळात मी असंख्य राजीनामे स्वीकारले. स्वतः एकही दिला नव्हता. शेवटच्या दारापर्यंतचा बोळ लांब आहे. दोघे-तिघे वाटेत भेटले, कुठे निघालात म्हणून विचारते झाले. मी थांबलो नाही. दार उघडले, पाऊल टाकले आणि पडदा काळा झाला. मग मी त्या खोलीच्या नावावर बोट टेकवले.

मुलगी वाक्याच्या मध्यावर होती.

‘... आणि एचआरची बाई म्हणाली, तुझ्याबद्दल तक्रार काहीच नाही, तुझी जागाच आता राहत नाहीये.’ ती थांबली. ‘बाबा? तुम्ही कसे मेलात?’

‘दारातून बाहेर पडलो.’

‘चुकून?’

‘नाही.’

‘या, या व्याहीबुवा,’ व्याही म्हणाले. ‘बसा. स्टेशन कोणावर सोडलंत?’ खोली त्यांचीच असल्यासारखे म्हणाले. मला त्याचाही राग आला.

एचआरच्या बाईचे वाक्य मला परिचयाचे होते. माझगावच्या कारखान्यात कामगारकपात झाली तेव्हा मी ते टेबलापलीकडे बसलेल्या माणसांना सांगत असे, जवळजवळ याच शब्दांत. ते अशा बेताने रचलेले असते की ऐकणाऱ्याला उलट विचारण्यासारखे काही उरत नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. मी संध्याकाळी घरी येऊन जेवत असे आणि काही बोलत नसे. तरी घरात सगळ्यांना ठाऊक असे.

‘कधी सांगितले तुला?’ मी विचारले.

‘झाले दोन-तीन आठवडे.’

‘आईला माहीत आहे?’

‘नाही. तिकडे फक्त अप्पाला.’

दोन-तीन आठवडे. म्हणजे भाकरीच्या चर्चेनंतर मी आधी निघून जाई, तेव्हापासून.

‘व्याहीबुवा, हे तुमच्या खात्यातलं,’ व्याही म्हणाले. ‘तिला एका कागदावर सही करायला सांगतायत. करावी का? मला यातलं ओ की ठो कळत नाही.’

‘लगेच करू नये. आधी मुदत मागावी. लेखी मागावी. आणि तिच्या युनियनच्या माणसाला सोबत न्यावे.’

‘ऐकलंस?’ ते तिला म्हणाले.

‘ऐकलं.’

‘बघ. आपण उगाच इतके दिवस डोकं फोडत बसलो.’

ती ‘हं’ म्हणाली. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. त्या कागदात काय काय असते, कोणत्या ओळीवर अडून बसायचे, समोरचा कधी नमतो, हे सारे माझ्यापाशी तयार होते. तिने विचारावे, एवढेच बाकी होते.

‘काय म्हणते?’ पत्नीने मागून विचारले.

‘काही नाही. खेळाचे चालले आहे,’ मी म्हणालो.

हेडफोनवर मुलीचा आवाज आला. ‘पण अप्पा, आईला मी कसं सांगू? ती रडेल.’

व्याही सांगू लागले. आधी फोनवर नको, इथे आलीस की सांग, आणि बोलताना तिला काही काम करू दे, हात रिकामे ठेवू नकोस, असे ते सांगत होते. उत्तर बरोबर होते. पत्नीला मी चाळीस वर्षे ओळखतो. तेच उत्तर मीही दिले असते. मला विचारले नव्हते. मी ऐकत राहिलो.